नोकरी लागणे आणि नोकरी टिकणे

(मंडळाच्या पौड येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आपल्या वार्षिक मेळाव्यात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करण्याची प्रथा आहे आणि ती चांगली आहे. ज्याने परीक्षेत उत्तम गुण मिळविले त्याच्या पाठीवर ज्ञातीने शाबासकीची थाप द्यावी हे योग्यच होय. परंतु याच मंडपात अगदी मागे, खांबाला टेकून, काही तरुण दरवर्षी उभे असतात. त्यांचे नाव कोणी पुकारीत नाही. पंगत बसली की ते वाढण्यास धावतात, पंगत उठली की पत्रावळी उचलतात, सतरंज्या गुंडाळतात आणि दिवे लागण्यापूर्वी आपापल्या वाडीची वाट धरतात. शिक्षण अर्धवट, नोकरी नाही, आणि लागलीच तर टिकत नाही, अशी त्यांची अवस्था आहे. आजचे आमचे बोलणे त्यांच्यासंबंधी आहे.

आम्ही कोणी अर्थशास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिक झालो, अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि याच मुळशी तालुक्याच्या खोऱ्यांतून प्राथमिक शाळांत खडू झिजविला, एवढीच आमची मिळकत. तेव्हा मोठे सिद्धान्त सांगण्याऐवजी आमच्या हातून घडलेली एक चूक प्रथम आपणांसमोर ठेवतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यास पिरंगुटच्या बाजूस एका कारखान्यात कंत्राटदारामार्फत काम लागले. शब्द आम्ही टाकला होता. मुलगा एकोणीस दिवस कामावर गेला आणि विसाव्या दिवसापासून घरी बसला. आम्हांस फार राग आला. गावातील एका बैठकीत, चारचौघांदेखत, आम्ही त्याला म्हणालो, “तुम्हा पोरांना नोकरी हवी असते, काम नको असते.” त्याने मान खाली घातली. उत्तर दिले नाही.

पुढे दोन महिन्यांनी त्याची आई आम्हांस पौडच्या आठवडे बाजारात भेटली. ती म्हणाली, “गुरुजी, पोरगं आळशी न्हाई हो. रातची पाळी सुटली की गावाकडं याया गाडी नव्हती. फाट्यावरच्या टपरीच्या बाकड्यावर बसून रात काढायचं आन् पहाटंच्या दुधाच्या गाडीनं यायचं. पैसं मागितलं, तर नाव जुळत न्हाई म्हणले. मग जाण्यायेण्याला उसनं तरी कुणाकडनं आणायचं?”

नाव का जुळत नव्हते याची आम्ही चौकशी केली. आधारपत्रावर त्याचे कुळाचे आडनाव होते आणि बँकेच्या पुस्तकातही तेच. शाळेच्या दाखल्यावर मात्र आडनावाच्या जागी ‘सुतार’ असे होते. तो दाखला ज्या रजिस्टरावरून उतरविला, त्यातील ती नोंद आमच्याच हस्ताक्षरातील होती. गावात त्या घराला सगळे सुताराचे घर म्हणत, म्हणून नाव घालण्यास आलेल्या आजोबांस आडनाव विचारण्याचे कष्ट आम्ही घेतले नव्हते. जन्मतारीख विचारली, ती त्यांस ठाऊक नव्हती, म्हणून एक जून लिहिली. या मंडपात एक जूनला जन्मलेले किती जण बसले आहेत ते त्यांनी मनातल्या मनात मोजावे. इतकी बालके एकाच दिवशी जन्मास घालण्याचे पुण्य आम्हा शिक्षकांचे आहे!

मुलाला आम्ही आळशी म्हटले. परंतु त्याच्या वाटेतील एक धोंडा आम्हीच ठेवलेला होता. हे आम्ही त्याच्या घरी जाऊन त्यास सांगितले, आणि आज आपणां सर्वांसमोर सांगत आहोत.

या प्रसंगाने आम्ही एक गोष्ट शिकलो. माणूस एका अडचणीने क्वचितच थांबतो. गाडी नाही एवढीच अडचण असती, तर त्या मुलाने मित्राच्या खोलीवर भाड्याने राहून दिवस काढले असते. पगार अडकला एवढेच असते, तर घरी राहून वाट पाहिली असती. परंतु गाडी नाही म्हणून खोली हवी, खोलीला पैसा हवा, पैसा कागदाने अडविला आणि कागद दुरुस्त करण्यास रजा हवी, अशी ती गाठ होती. सुताराच्या मुलास हे निराळे सांगावयास नको. चौकटीचा एक सांधा ढिला असला तर पाचर मारून भागते. चारही सांधे ढिले असले तर एका कोपऱ्यात कितीही खिळे ठोकले तरी चौकट उभी राहत नाही. आपण मात्र एक खिळा ठोकतो, म्हणजे शब्द टाकतो, नोकरी लावून देतो, आणि चौकट पडली की लाकडाला दोष देतो.

आता थोडे मागे वळून पाहू. आपल्या वाडवडिलांच्या हाती वाकस, किंकरे आणि रंधा होता. नांगर, कुळव, पाभर, बैलगाडीचे चाक, घराचा वासा आणि शेवटची तिरडीही, गावचे सारे लाकूडकाम त्यांचे, आणि त्याबद्दल खळ्यावर बलुते ठरलेले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर काढला. पुढे लोखंडी औजारे आली, ट्रॅक्टर आला, आणि बलुत्याचा पायाच गेला. यात कोणाचा दोष नाही. शिवाय लोखंड ओतावयाचे तर त्याचा लाकडी नमुना आधी करावा लागतो, आणि तो करणारा हात सुताराचाच. तेव्हा ज्यांना त्या ओतशाळेची वाट सापडली ते तरले. वाट दाखविणारे मात्र सर्वांस मिळाले नाही.

आपल्या तालुक्यावर तर दुसराही आघात झाला. मुळशीच्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि सेनापती बापट यांची नावे त्यामुळे या मातीत कायमची रुजली. तरीही धरण झाले, खोरे पाण्याखाली गेले, वीज मुंबईस गेली आणि विजेच्या मागोमाग येथील पुष्कळ माणसेही मुंबईस गेली. जमीन गेली तेव्हा कुणब्याचे शेत गेले. पण ज्याचे बलुते त्या शेतावर होते, त्या कारागिराच्या नावावर सात-बाराही नव्हता.

मुंबईस गेलेली ही डोंगरी माणसे तेथे टिकली कशी, हा आजच्या विषयाचा गाभा आहे. मुंबईच्या डबेवाल्यांचा धंदा १८९० च्या सुमारास महादेव हावजी बच्चे यांनी सुरू केला असे सांगतात. त्यातील बहुसंख्य माणसे मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागातील. परीक्षेचे प्रमाणपत्र पुष्कळांजवळ नव्हते. परंतु नवा मुलगा गावाहून आला की त्याची ओळख देणारा माणूस तेथे असे. निजण्यास गावकऱ्यांची सामाईक खोली असे, जेवणाची सोय असे, हात धरून गाडीचा फलाट आणि डब्यावरील खुणा शिकविणारा जोडीदार असे. तो आजारी पडला तर त्याचे डबे गटातील दुसरा उचली. आणि तो नोकर नव्हे, गटाच्या मिळकतीतील वाटेकरी होई. म्हणजे राहणे, खाणे, ओळख, शिक्षण आणि अडीनडीचा आधार या पाचही गोष्टी त्यास एकदम मिळत. म्हणून अक्षरशत्रू माणूसही त्या कामात आयुष्यभर टिकला. २०२० च्या मार्चमध्ये लोकल गाड्या बंद पडल्या तेव्हा या धंद्यावरही मोठे संकट आले आणि पुष्कळ जण गावी परतले, हे खरे; पण शंभराहून अधिक वर्षे जी व्यवस्था टिकली तिच्यापासून आपण शिकलेच पाहिजे.

दुसरे उदाहरण माथाडी कामगारांचे. पाठीवर पोते वाहणाऱ्या हमालाला मालक रोज नवा. मग त्याला भविष्यनिर्वाह निधी कोणी द्यावा आणि अपघात झाल्यास औषध कोणी करावे? अण्णासाहेब पाटील यांनी ही माणसे संघटित केली आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. मालक बदलो, कामगाराची नोंद मंडळाकडे राहील. मालकाने मजुरी व तिच्यावरील वर्गणी मंडळात भरावी आणि मंडळाने त्यातून कामगारास सर्व लाभ द्यावेत, अशी ती योजना. काम तेच पाठीवरचे राहिले, पण त्याला स्थैर्य आले. आपल्या पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. कष्टकऱ्यास परवडेल अशा दरात पोटभर अन्न मिळणे हीदेखील काम टिकविण्याचीच सोय आहे, हे त्यांनी ओळखले होते.

आज कोणी म्हणेल की आता मुंबईस जाण्याचे कारण काय? भूगाव, पिरंगुट, उरवडे या बाजूस कारखाने आहेत, आणि हिंजवडीची संगणकनगरी तर आपल्याच तालुक्यात आहे. काम दारात आले हे खरे. परंतु दारात आलेल्या कामापर्यंतही आपल्या मुलास चार उंबरे ओलांडावे लागतात.

पहिला उंबरा कागदाचा. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तो बहुधा आजोबांच्या किंवा चुलत आजोबांच्या शाळेच्या नोंदीत सापडतो. गंमत पाहा, ज्या ‘सुतार’ या शब्दाने आमच्या विद्यार्थ्याचा पगार अडविला, तोच शब्द जातीच्या रकान्यात असला तर दाखला मिळवून देतो. शब्द योग्य रकान्यात हवा, एवढेच. मूल शाळेत आहे तोवर नावाची दुरुस्ती सोपी असते. शाळा सुटल्यावर प्रतिज्ञापत्र आणि राजपत्र यांच्या मागे हिंडावे लागते.

दुसरा उंबरा वाटेचा. कोळवण, रिहे किंवा मुठा खोऱ्यातील मुलास पाळीच्या वेळेस गाडी मिळते की नाही, हे कोणताही कारखाना विचारीत नाही; विचारतो तो फक्त “उशीर का झाला?” एवढेच.

तिसरा उंबरा चाळीस दिवसांचा. महिन्याच्या पहिल्या तारखेस जो कामावर गेला, त्याच्या हाती पहिला पगार पुढील महिन्याच्या सात ते दहा तारखेस पडतो. चाळीस दिवसांचे भाडे, डबा, बूट आणि औषधपाणी त्याने कोठून करावे? घरात शिल्लक असलेल्यास हा प्रश्न पडत नाही. ज्याला नोकरीची खरी गरज त्यालाच तो पडतो. आमच्या अनुभवाप्रमाणे नोकरी सुटते ती बहुधा याच चाळीस दिवसांत.

चौथा उंबरा कंत्राटाचा. काही महिने काम, मग खंड, मग नवा कंत्राटदार, अशा फेऱ्यात मुलगा तिशीला पोचतो आणि त्याच्या हाती कसबही नसते व नोंदही नसते. म्हणून आमचे तरुणांस सांगणे आहे की पहिल्याच आठवड्यात भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन क्रमांक आणि राज्य विम्याचा क्रमांक मागून घ्या. कंत्राटदार बदलला तरी यूएएन क्रमांक तोच राहतो. कामाचे स्वरूपही पाहा. ७ जून २०२१ रोजी उरवड्याच्या एका कारखान्यास आग लागून पंधराहून अधिक कामगार होरपळून मेले. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. काम मिळवून देणाराने, बाहेर पडण्याचा दरवाजा कोठे आहे, हेही विचारले पाहिजे.

आता एक दुसरी हकीगत सांगतो, कारण केवळ अपयशच ऐकविणे बरे नव्हे. आपल्यातील एक तरुण सून अकाली विधवा झाली. पदरी लहान मूल, शिक्षण नववीपर्यंत. ती काम मागावयास आली तेव्हा, पूर्वीचा धडा लक्षात ठेवून, आम्ही कोणाकडे शब्द टाकला नाही. प्रथम तिची अडचण संपूर्ण ऐकून घेतली. पतीचा मृत्यूचा दाखला काढलेला नव्हता, तो काढविला. सतरा नंबरचा अर्ज भरून तिला दहावीस बसविले; ती दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाली. दिवसपाळीचेच काम पाहिले. त्याच गावातील आणखी दोघी त्या बाजूस जात होत्या, तिघींनी मिळून एक गाडी ठरविली. मुलाला सांभाळण्यास शेजारच्या एका आजींनी होकार दिला. पहिल्या दीड महिन्याच्या खर्चासाठी चार घरांतून थोडे थोडे उसने जमविले. ते तिने पाच महिन्यांत फेडले. आमच्या घरच्या मंडळी दर रविवारी तिच्याकडे जाऊन बसत. तिसऱ्या महिन्यात ती काम सोडावयास निघाली होती. कारण विचाराल तर, सासरी कोणीतरी टोचून बोलले, एवढेच! त्या रविवारी आमच्या मंडळींनी तिची आणि तिच्या सासूबाईंची, दोघींचीही समजूत घातली. आज सहावे वर्ष चालू आहे आणि ती त्याच ठिकाणी आहे. यात आम्ही नोकरी अशी दिलीच नाही. ती तिने स्वतः मिळविली. आम्ही फक्त सांधे आवळले.

त्या पहिल्या मुलाचे काय झाले असे आपण विचाराल. त्याची कागदपत्रे दुरुस्त झाली आणि त्याने औंधच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पुरा केला. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये विद्यावेतन घेऊन तो एका कारखान्यात शिकला आणि आता तेथेच जवळ खोली घेऊन राहतो. पण मधली चार वर्षे गेली. ती परत देणे आमच्या हाती नाही.

येथे किर्लोस्करांची आणखी एक गोष्ट आठवते. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली तेव्हा लक्ष्मणरावांनी तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांस वसाहतीच्या राखणीचे काम दिले. जग ज्याला चोर म्हणत होते त्याच्या हाती त्यांनी पहारा सोपविला, आणि त्या माणसांनी तो विश्वास सार्थ केला. दारूच्या नादाने एकदा पडलेला, परीक्षेत दोनदा नापास झालेला, भांडण करून नोकरी सोडलेला असा मुलगा आपल्या ज्ञातीत असला तर आपण त्याची चर्चा करतो. त्याऐवजी एकाने तरी त्याच्या शेजारी बसावे.

म्हणून मंडळापुढे आमच्या चार नम्र सूचना आहेत.

एक : दरवर्षी दहा उमेदवार निवडावेत, आणि ते गुणांवरून नव्हे तर अडचणींवरून निवडावेत. प्रत्येकामागे मंडळाचा एक सभासद बारा महिने सोबती म्हणून राहील. नोकरी लागण्यापूर्वी तीन महिने आणि लागल्यानंतर नऊ महिने. आठवड्यातून एकदा त्याने उमेदवारास भेटावे. यास पैसा लागत नाही, रविवार लागतो.

दोन : ‘चाळीस दिवसांचा निधी’ म्हणून एक लहानशी पेटी ठेवावी. ती देणगी नसावी, बिनव्याजी उसनवार असावी. फेडलेले पैसे पुढच्या उमेदवारास जातील. मेळाव्याच्या मंडपावर आणि हारतुऱ्यांवर होणारा खर्च थोडा आवरला तर तिचा आरंभ होऊ शकेल. आमच्या सत्काराची शाल या वर्षी आणू नये, तिची किंमत त्या पेटीत टाकावी, अशी विनंती आम्ही चिटणीसांस आधीच केली आहे.

तीन : मुले नववीत असतानाच मंडळाने कागदपत्रांचा एक दिवस पाळावा. नाव, आडनाव, जन्मतारीख, जातीचा रकाना सर्व कागदांवर एकसारखे आहेत की नाहीत हे निवृत्त शिक्षकांनी तपासावे. आम्ही केलेल्या चुका आम्हीच निस्तरणे न्यायाचे होय.

चार : ज्यांना हातचे कसब सोडावयाचे नाही त्यांस त्यातच उभे करावे. २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत आणि त्यांत सुतारकाम आहे. प्रशिक्षण, पंधरा हजार रुपयांपर्यंत औजारांसाठी साहाय्य, आणि पाच टक्के व्याजाने पहिल्या खेपेस एक लाखाचे व नंतर दोन लाखांचे कर्ज, अशी तिची मांडणी आहे. परंतु तिची नोंदणी आधार, मोबाईल व बँक यांच्या जुळणीवर चालते आणि ग्रामपंचायतीची पडताळणी लागते. म्हणजे पुन्हा कागदाचाच उंबरा आला, आणि पुन्हा सोबत्याचीच गरज.

कोणी विचारील की हे सारे केवळ आपल्या ज्ञातीपुरतेच का? आम्हांसही तो प्रश्न पडतो. आपण एकमेकांस ओळखतो, एकमेकांच्या घरी न सांगता जाऊ शकतो, म्हणून आरंभ येथून करणे सोपे, एवढेच त्याचे कारण आहे. परंतु कागदांच्या दिवशी शेजारच्या कातकरी वाडीतील मूल आले तर त्याला परत पाठवू नये. त्याच्या वाटेतील उंबरे आपल्याहून उंच आहेत. सुताराने केलेल्या दाराने आत येणाऱ्याची जात कधी विचारली नाही.

शेवटी एकच सांगावयाचे आहे. यंदा गुणगौरवाच्या यादीत एक ओळ वाढवावी. ज्या उमेदवाराने एकाच कामावर एक वर्ष पुरे केले, त्याचे नाव येथून पुकारावे, आणि त्याच्यासोबत त्याच्या सोबत्याचेही पुकारावे. मागच्या खांबाशी उभे असलेले हे तरुण पुढच्या रांगेत बसलेले पाहण्याची आमची इच्छा आहे. पंगतीत वाढण्याचे काम तेव्हा आम्ही म्हातारे करू.